नालबंद आणि पखालजी

महाड तालुक्यातला रायगड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ६ जून १६७४ रोजी तेथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांच्या राज्यकारभाराची माहिती देणाऱ्या साधनांत कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर महत्त्वाची मानली जाते. तीत पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, व्यवस्था सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी ती रचना होती. याच ठिकाणी एक छोटीशी नोंद आहे. तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी असावा, अशी ती नोंद.

नालबंद म्हणजे घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा. पखालजी म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी आणणारा. लढाईवर निघणाऱ्या तुकडीबरोबर ही दोन माणसे मुद्दाम का नेमली असतील? याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा घोड्याच्या शरीरात शोधले, तर अधिक चांगले सापडते. चला तर, आज आपण घोड्याच्या शरीराची थोडी ओळख करून घेऊ.

एका बोटावरची चाल

प्रथम एक सोपा प्रयोग करा. हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवा. आता मनगट वर उचला आणि फक्त मधल्या बोटाचे टोक टेबलाला टेकलेले राहू द्या. त्या बोटाचे नख जाड होऊन टोकाभोवती सगळीकडून वळले आहे, अशी कल्पना करा. झाला घोड्याचा पुढचा पाय! घोडा प्रत्येक पायाच्या फक्त एका बोटावर, तेही बोटाच्या टोकावर, उभा असतो. त्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते खरे तर त्याचे मनगट होय. मागच्या पायात मागे वाकलेला जो सांधा दिसतो, ती त्याची टाच.

हे नेहमीच असे नव्हते. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचे पूर्वज कुत्र्याएवढे लहान होते. त्यांच्या पुढच्या पायांना चार व मागच्या पायांना तीन बोटे होती. पुढे मोकळ्या गवताळ मैदानांत वेगाने पळणाऱ्यांचा निभाव लागला. लाखो पिढ्यांत मधले बोट मोठे होत गेले आणि बाजूची बोटे लोप पावली. आजही घोड्याच्या नडगीच्या दोन्ही बाजूंना पातळ हाडाच्या दोन काड्या असतात. त्या लोप पावलेल्या बोटांच्या खुणा होत.

बैलाशी तुलना केली, म्हणजे फरक चटकन ध्यानात येतो. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, कारण तो दोन बोटांवर चालतो. म्हणूनच बैलाला पत्री मारताना खुराच्या दोन भागांना वेगवेगळे तुकडे लागतात. घोड्याचा नाल मात्र अखंड, चंद्रकोरीसारखा वळलेला असतो.

आता भाराचा विचार करू. आपल्याकडच्या मध्यम चणीच्या घोड्याचे वजन ३०० किलोग्रॅम धरा. स्वस्थ उभे असताना सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. म्हणजे पुढच्या एकेका खुरावर ९० किलोग्रॅम. घाट उतरताना हा भार आणखी पुढे सरकतो. घोडा भरधाव धावू लागला, की पुढच्या एका खुरावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येऊ शकतो. आपल्या उदाहरणात तो ७५० किलोग्रॅम झाला! आणि सह्याद्रीची वाट मऊ गवताची नव्हे. ती काळ्या बेसाल्टची, धोंड्यांची आणि मुरमाची आहे. या वाटेवर घोड्याचा सारा जीव चार नखांवर असतो, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

खुराच्या आत काय आहे?

खुराचे बाहेरचे कवच केराटिन नावाच्या प्रथिनाचे असते. आपली नखे आणि केसही त्याचेच. हे कवच नखाप्रमाणे सतत वाढते. वाढीचा वेग महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत पुढच्या बाजूचे कवच नवे व्हायला जवळजवळ एक वर्ष लागते. म्हणून आज खुराला झालेली इजा पुढे कित्येक महिने दिसत राहते.

कवचाच्या आत बोटाचे शेवटचे हाड असते. हाड आणि कवच यांच्यामध्ये सुमारे ६०० उभे पापुद्रे असून ते एकमेकांत गुंतलेले असतात. दोन पुस्तकांची पाने एकाआड एक घालून ती पुस्तके ओढून पाहा. ती सहजी सुटत नाहीत. अगदी त्याच रीतीने हाड कवचात टांगलेले असते. या पापुद्र्यांत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू भरपूर असतात. बाहेरच्या कवचाला मात्र संवेदना नसते.

पाय उचलून तळवा पाहिला, तर मध्यभागी रबरासारखी एक त्रिकोणी गादी दिसते. पाय टेकला, की ही गादी दबते, खुराची मागची बाजू किंचित फाकते आणि आतल्या शिरांतील रक्त वर ढकलले जाते. पाय उचलला, की रक्त पुन्हा खाली भरते. म्हणजे घोड्याचे प्रत्येक पाऊल हा एक छोटा पंपच होय. घोडा दिवसचे दिवस ठाणावर बांधून ठेवला, तर हा पंप मंदावतो आणि पाय सुजू लागतात. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर तुम्हांला आजीने सांगितले असेल. ते म्हणजे ‘फिरवला नाही म्हणून’. त्यातल्या घोड्यापुरते शास्त्रीय कारण हे असे आहे.

आता नालबंदाचे काम समजणे सोपे जाईल. कठीण वाटेवर कवच वाढते त्यापेक्षा लवकर झिजते. अशा वेळी लोखंडी नाल ती झीज स्वतःवर घेतो. पण नाल ठोकला, की कवच झिजतच नाही. ते वाढत राहते आणि बोटाचा कोन बिघडतो. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढावा लागतो, खूर सुरीने व कानशीने सारखा करावा लागतो आणि मग नाल पुन्हा ठोकावा लागतो. तळव्याच्या कडेला एक फिकट रेषा असते. खिळा त्या रेषेच्या बाहेर, संवेदना नसलेल्या कवचातच गेला पाहिजे. थोडा आत गेला, तर घोडा लंगडतो. शिवाय खिळे खुराच्या पुढच्या भागातच मारतात. मागे मारले, तर खुराचे फाकणे थांबेल आणि तो पंप अडेल. चांगल्या नालबंदाने शरीरशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसेल, पण त्याच्या हाताला हे सारे ठाऊक असते.

एक गणित करा. पंचवीस घोड्यांचे शंभर खूर. सहा आठवड्यांचे ४२ दिवस. म्हणजे एका नालबंदाला रोज सरासरी दोन-तीन खूर करावे लागणार. वाटेत निखळलेले नाल, दगड लागून तुटलेल्या कडा ही कामे वेगळीच. पंचवीसांमागे एक हे प्रमाण किती व्यवहारी होते, ते यावरून दिसून येते.

घाट, घाम आणि पाणी

आता पखालजीकडे वळू. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना १२०० मीटरहून अधिक उंची चढावी लागते. आपला ३०० किलोग्रॅमचा घोडा ६० किलोग्रॅमचे ओझे घेऊन ही चढण चढतो, असे समजा. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, की कार्य मिळते, हे तुम्ही शिकला आहात. सोयीसाठी त्वरण १० धरू.

३६० × १० × १२०० = ४३,२०,००० जूल.

स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नव्हे. खर्चलेल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा उपयोगी कार्यात जातो, बाकीच्याची उष्णता होते. म्हणजे ४३ लाख जूल कार्यासाठी सुमारे २१६ लाख जूल ऊर्जा लागली आणि त्यांतील सुमारे १७३ लाख जूल उष्णता म्हणून शरीरात साठू लागली. ती बाहेर टाकली नाही, तर घोडा तापून कोसळेल. घोडा ही उष्णता मुख्यतः घामावाटे घालवतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता निघून जाते. आता भागाकार करा. उत्तर ७२०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात लिटरांहून अधिक येते. हा अंदाज अगदी ढोबळ आहे. थोडी उष्णता श्वासावाटेही जाते. उलट बराचसा घाम वाफ न होता नुसताच गळून जातो. तरीही मामला किती मोठा आहे, हे यावरून कळते.

कोकणात आणखी एक अडचण येते. हवा आधीच दमट असल्याने घाम लवकर वाळत नाही. घाम निथळतो, पण शरीर हवे तसे थंड होत नाही. दमलेल्या घोड्याच्या मानेवर आणि खोगिराखाली पांढरा फेस दिसतो. त्याच्या घामात लॅथेरिन नावाचे प्रथिन असते. ते साबणासारखे काम करून घाम केसांतून पसरवते आणि वाफ होण्यास मदत करते. घामाबरोबर मीठही पुष्कळ जाते. म्हणून कष्ट करणाऱ्या घोड्याला मिठाचा खडा चाटायला ठेवतात.

साधारण घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते. पंचवीस घोड्यांना प्रत्येकी ३० लिटर धरले, तरी ७५० लिटर झाले. पंधरा लिटरच्या पन्नास घागरी! नदीकाठी मुक्काम असेल तेव्हा ठीक. पण डोंगरमाथ्यावर मार्च ते मे या महिन्यांत पखालजीवाचून निभाव लागणे कठीण होते.

तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, त्याच्या अंगावर गार पाणी ओतू नये, असा समज पूर्वी जगभर होता. १९९६ साली अमेरिकेतील अटलांटा येथे ऑलिंपिक सामने झाले. तेथील उन्हाळाही उष्ण आणि दमट असतो. घोड्यांचे हाल होतील या काळजीने शास्त्रज्ञांनी आधी पुष्कळ प्रयोग केले. त्यांत असे दिसले, की तापलेल्या घोड्याच्या अंगावर भरपूर गार पाणी ओतणे सुरक्षित असून त्याने तो लवकर निवतो. पाणीही थोडे थोडे करून वरचेवर पाजायला हरकत नाही. जुन्या रिवाजातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे असे प्रयोगानेच ठरवावे लागते.

पावसाळ्याची बेगमी

बखरीतल्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट आहे. पावसाळ्यात फौज छावणीला येई. तेथे तिच्यासाठी दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांना निवारा यांची तयारी असे. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि गवत आताच मनमानेल तसे संपवाल, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, अशी ताकीद त्यात आहे. उंदराने दिव्याची पेटती वात नेली तर गवताला आग लागेल, म्हणून रात्री दिवे विझवा, इतका बारीक इशाराही आहे.

ही चिंता समजण्यासाठी घोड्याचे पोट पाहू. गाय-बैल रवंथ करतात, घोडा करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे असते. गवताचे पचन पुढे, मोठ्या आतड्यात, सूक्ष्मजंतूंच्या मदतीने होते. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचा बहुतेक वेळ थोडे थोडे चरत राहतो, तो याचमुळे. त्याला ओकारी काढता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू अन्न मागे येऊ देत नाही. त्यामुळे बुरशी आलेली वैरण पोटात गेली किंवा एकदम फार दाणा खाल्ला, तर पोटशूळ उठतो. घोडा पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे बघतो, गडबडा लोळतो, लीद टाकत नाही. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याला बोलवावे.

जास्त दाण्याचा आणखी एक परिणाम मोठा विलक्षण आहे. न पचलेला दाणा मोठ्या आतड्यात आंबतो, विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि खुरातल्या त्या पापुद्र्यांना सूज येते. हाड कवचापासून सुटू लागते. चूक तोबऱ्यात होते आणि शिक्षा खुराला मिळते! म्हणून चंदी मोजून द्यावी. दिवसात दोन-तीन वेळा विभागून द्यावी आणि तिच्यात बदल करायचा तर हळूहळू करावा.

तीनशे किलोग्रॅमच्या घोड्याला रोज ६ किलोग्रॅम कोरडी वैरण धरा. पंचवीस घोडे, पावसाळ्याचे १२० दिवस. गुणाकार केला, की १८,००० किलोग्रॅम होतात. ही एवढी वैरण कोरडी राखायची आणि तीही महाड-पोलादपुरासारख्या प्रदेशात, जेथे पावसाचे मान दरसाल ३००० मिलिमीटरच्या घरात असते! पत्रातली ती कळकळ आता तुमच्या लक्षात आली असेल.

पाऊस खुरालाही छळतो. ओल्या ठाणावर, लीद-चिखलात उभ्या असलेल्या घोड्याच्या तळव्यातील खाचांत घाण साचते. हवा न पोचणाऱ्या त्या जागी जंतू वाढतात, गादी काळी पडून सडते आणि दुर्गंधी येते. यावर उपाय फार स्वस्त आहे. रोज दोनदा पाय उचलून लोखंडी आकडीने खाचा साफ कराव्यात आणि उभे राहण्याची जागा उंच व कोरडी ठेवावी. तळव्यात खिळा किंवा काच शिरली, तर धनुर्वाताची भीती असते. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. त्यावर लस उपलब्ध आहे.

खरारा आणि सवय

पूर्वी मोतद्दार रोज घोड्याला खरारा करी. चांगला घोडेमालक आजही करतो. खराऱ्याने धूळ, वाळलेला घाम आणि गळालेले केस निघतात. ते खोगिराखाली राहिले, तर पाठ सोलवटते आणि पाठ लागलेल्या घोड्यावर खोगीर चढवणे हा निव्वळ छळ होय. पण खराऱ्याचा खरा फायदा निराळाच आहे. माणसाचा हात रोज घोड्याच्या सर्वांगावरून फिरतो. कोठे सूज आहे, कोठे ऊन लागते, कोठे हात लावताच अंग चोरतो, हे त्या हाताला पहिल्याच दिवशी कळते. घोड्याला बोलता येत नाही. शिवाय निसर्गात दुबळेपणा दाखवणारा घोडा हिंस्र पशूंची शिकार होई. त्यामुळे दुखणे शक्य तितके लपवण्याकडे त्याचा कल असतो.

घोड्याजवळ जाताना मागून किंवा गुपचूप जाऊ नये. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, पण नेमके पाठीमागचे आणि अगदी नाकासमोरचे दिसत नाही. न दिसणाऱ्या जागी अचानक स्पर्श झाला, तर तो लाथ झाडतो. हा त्याचा स्वभावदोष नव्हे, ती भीती असते. बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जावे.

घोडा फेरताना, म्हणजे त्याला शिकवतानाही, हेच ध्यानात ठेवावे लागते. लगाम किंचित ओढला आणि घोडा थांबला, की तत्क्षणी लगाम सैल सोडायचा. त्या सैल होण्यावरूनच आपण बरोबर केले, हे घोड्याला उमगते. थांबल्यावरही लगाम ओढतच राहणारा स्वार त्याला काहीच शिकवत नाही, फक्त त्याचे तोंड दुखवतो.

तुम्ही काय पाहाल?

महाड-पोलादपुरातून आता घोडदळ जात नाही. पण वरातीतला घोडा तुमच्या दारावरून जातो. घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तर वेण्णा तलावाच्या काठी सवारीचे घोडे भेटतात. रायगड जिल्ह्यातच असलेल्या माथेरानला मोटारींना मज्जाव आहे. त्यामुळे तेथे माणसे आणि माल वाहण्याचे पुष्कळसे काम घोडे करीत आले आहेत. घोडा हे त्याच्या मालकाचे पोट असते. घोडा लंगडला, की चूलही अडते. म्हणून घोड्याची निगा ही निव्वळ दयेची बाब नाही.

पुढच्या वेळी घोड्यावर बसण्यापूर्वी दोन मिनिटे त्याच्याकडे नीट पाहा. चालताना त्याचे डोके एका लयीत हलते का? पुढचा एखादा पाय दुखत असेल, तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली करतो. खुरांच्या कडा तुटलेल्या आहेत का? खोगिराच्या कडेला जखम आहे का? तुमचे आणि खोगिराचे मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भरते का? यांतले काही खटकले, तर मालकाला नम्रपणे विचारा आणि त्या दिवशी पायीच फिरा. पायी फिरल्याने तुमचे काहीच बिघडणार नाही.

करून पाहा, विचार करा

१. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती चटकन पूर्ववत होते. घोड्याच्या मानेवर किंवा खांद्यावर हीच परीक्षा करतात. कातडी सपाट व्हायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर शरीरात पाणी कमी पडले आहे, असे समजतात. असे का होत असावे?

२. विश्रांती घेणाऱ्या निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. तुमची नाडी व श्वास मोजा आणि तुलना करा. मोठ्या प्राण्याची नाडी मंद का असते, याची शिक्षकांबरोबर चर्चा करा.

३. वरच्या गणितात ६० ऐवजी ९० किलोग्रॅम ओझे घेतले, तर घोड्याला किती घाम अधिक गाळावा लागेल? उत्तर लिटरमध्ये काढा आणि शेजारी बादली ठेवून तेवढे पाणी प्रत्यक्ष मोजून पाहा.